दोराचे श्राउड आणि पाच टनांचा हट्ट

बोटीच्या मालकांनी श्राउड घरीच बनवून आणले होते. श्राउड म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे ताण. बहुतेक बोटींवर ते स्टीलच्या तारेचे असतात, यांनी 8 मिलिमीटरच्या डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोराचे केले, आणि स्प्लाइस, म्हणजे गाठ न मारता टोक दोरातच घालून केलेले जोड, स्वतः व्हिडिओ बघून घातले. मला फक्त चढवून ताण द्यायचा होता. असली कामं मी टाळतोच, पण स्प्लाइस हातात घेतले आणि खरं सांगतो, आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा साफ होते.

पण साफ दिसणं वेगळं. डायनीमा इतका गुळगुळीत की साधी गाठ मारली तर ताणाखाली सरकून सुटते. म्हणून टोक परत दोराच्याच पोकळ पोटात घालायचं, ताण आला की बाहेरची वीण आतल्या टोकाला आवळते, सगळी पकड तीच. आत गेलेली लांबी जाडीच्या 72 पट तरी हवी, म्हणजे इथे 576 मिलिमीटर. बाहेरून ती दिसत नाही. दोराच्या टोकाच्या डोळ्यापासून, म्हणजे फाशापासून, अंगठा दाबत खाली यायचं आणि जाड भाग कुठे संपतो ते बघायचं. एका श्राउडवर तो 40 सेंटीमीटरलाच संपला. मालक म्हणाले, "अहो, हा दोर पाच टनांच्या वर तुटतो, आधीची तार तीनलाच तुटायची, मग एवढं काय बघता?"

हा पाच टनांचा आकडा मी हल्ली सगळ्यांकडून ऐकतो. दोर तुटायला आधी स्प्लाइस टिकायला तर हवा ना! आणि दोराच्या रिगिंगमध्ये, म्हणजे काठी धरणाऱ्या ताणांमध्ये, जाडी ताकदीवरून ठरतच नाही, क्रीपवरून ठरते. सतत ताणाखाली हा दोर हळूहळू कायमचा लांबत जातो, उन्हात जास्त, म्हणून तारेपेक्षा जाड घ्यायचा आणि कायमचा ताण तुटण्याच्या आकड्याच्या जेमतेम दहा-पंधरा टक्के ठेवायचा. तो स्प्लाइस उसवून परत घातला, मालक कुरकुरले पण बाजूला बसून सगळं नीट बघत होते.

पुढची भानगड लांबीची. जुनी तार मोजून त्यांनी दोर तेवढाच कापला होता. नवीन दोर पहिल्या ताणात लांबतो, वीण बसते, स्प्लाइस आवळतात, आणि मग खालच्या लॅशिंगला, म्हणजे श्राउड बोटीशी आवळणाऱ्या बारीक दोरीच्या फेऱ्यांना, ओढायला जागाच उरत नाही. म्हणून आधी सगळे श्राउड धक्क्यावरच्या दोन खुंटांमध्ये विंचने ताणून ठेवले आणि प्रत्येक स्प्लाइसच्या तोंडाशी रंगीत दोऱ्याची खूण शिवली. खूण जागेवर आणि दोर लांब, तर वीण बसतेय. खूण सरकली तर स्प्लाइस निसटतोय.

मग काठी मध्यात आणली, हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, दोन्ही चेनप्लेटना, म्हणजे श्राउड बोटीला जिथे बांधतात त्या पट्ट्यांना, लावून माप सारखं केलं. ताण द्यायचा स्क्रू, टर्नबकल, नाहीच; डेडआय, म्हणजे दोरी ओवायचे भोकांचे गोल ठोकळे, आणि बारीक दोरीचे फेरे. लोक फेरे मोजून सांगतात ताण इतका पट वाढला, पण घर्षण निम्मं खाऊन टाकतं. पहिल्या दोन फेऱ्यांवर सगळा ताण आणि बाकीचे ढिले. मी प्रत्येक फेरा वेगळा ओढतो, मग शेवट विंचला. तारेचा टेन्शन गेज दोरावर लावू नका, त्याचा आकडा इथे खोटा. शिडं लावून बाहेर काढायची, बोट 15-20 अंश कलली की वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूचा श्राउड नुकता ढिला व्हायला हवा, लोंबकळायला नको. मग काठीच्या खोबणीत खालून डोळा लावून ती सरळ आहे का बघायचं. हे जमलं आणि मालक एकदम खूश.

दुसऱ्या दिवशी थंडगार पहाटे त्यांचा फोन, सगळे श्राउड ढिले, स्प्लाइस गेले. मी जाऊन बघितलं, एकही खूण हललेली नाही. ॲल्युमिनियमची 12 मीटरची काठी 20 अंशांनी थंड झाली तर साधारण साडेपाच मिलिमीटर आखडते, आणि डायनीमा उलटा, थंडीत किंचित लांबतो. दोन्ही मिळून ताण जातो. ऊन वर आलं की परत येतो. मला माहीत होतं हे, पण अख्खी काठी हाताने हलताना बघून माझ्याही पोटात गोळा आला. पहाटे बघून आवळलं असतं तर दुपारी तोच ताण नको तेवढा वाढला असता. तरी मालक ऐकेनात, दोन फेरे ओढायचेच म्हणाले. मी हात लावला नाही.

आता त्यांना फोरस्टे, म्हणजे काठीला पुढून धरणारा ताण, तोसुद्धा दोराचाच करायचाय. पुढच्या शिडाचे धातूचे हूक त्याच दोरावरून रोज घासत वरखाली होणार, म्हणून मी तार सांगतोय, आणि ते परत पाच टनांवर आलेत.