बोलेल गं, घाई काय आहे?

आमचा पिल्लू अडीच वर्षांचा झाला तरी आई, पापा आणि 'भू' एवढे तीनच शब्द. पाणी हवं असलं की माझं बोट धरून माठापर्यंत ओढत न्यायचा आणि नुसतं म्म म्म. सासूबाई म्हणायच्या अगं याचा बाबापण तीन वर्षांनी बोलला, मुलगे उशिराच बोलतात, आणि मीही तेच धरून बसले, त्यात सहा महिने गेले ते आजही टोचतात मला. दोन वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि 'दूध दे' असे दोन शब्द जोडून यायला हवेत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी सिव्हिल हॉस्पिटलच्या डीईआयसीत गेलो, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, तिथे मोफत बघतात. तिथल्या मॅडमनी आधी नीट ऐकू येतं का ते बघायला कानांची बेरा टेस्ट करायला लावली, ती झोपेत करतात, आणि हा झोपेचना! दोन चकरा झाल्या. कान नॉर्मल निघाले, मी तिथल्या बाकावरच रडले.

मग स्पीच थेरपी. जेवताना मोबाईल पूर्ण बंद. आणि बिस्किटाचा डबा त्याला दिसेल पण हात पोचणार नाही असा ठेवायचा, लगेच द्यायचं नाही, मनात पाचपर्यंत मोजत थांबायचं. ते थांबणं फार जड जातं हो, त्याचे डोळे भरून यायचे. सातव्या आठवड्यात डब्याकडे बघून म्हणाला, "आई, दे."

मी अख्खा पुडाच दिला.