जीएनएमनंतरचा गॅप आणि नर्सिंगची पहिली नोकरी

जीएनएमचा (नर्सिंग आणि मिडवायफरीच्या डिप्लोमाचा) निकाल आणि पहिली मुलाखत यांत माझी 2 वर्षं 8 महिने गेले. लग्न, मग बाळंतपण. तीन ठिकाणी 'मधे काय केलंत?' या प्रश्नावर अडकले, चौथ्या ठिकाणी लागले. कारण तेच होतं, बदलली ती मांडणी.

हा प्रश्न एचआरही विचारतं आणि मेट्रनही (हॉस्पिटलच्या मुख्य नर्स), पण दोघांची काळजी वेगळी. एचआरला तारखा जुळायला हव्यात. मेट्रन मॅडमना तीन शंका असतात: हाताची सवय गेली का, नाइट ड्युटी जमेल का, चार महिन्यांत सोडून जाल का. मी आधी घरची सगळी कहाणी सांगत बसायचे, आणि त्यातून त्यांना एवढंच कळायचं की हिच्या घरी अडचणी फार आहेत.

बायोडेटात नुसतं साल लिहून गॅप झाकू नका. महिना आणि साल लिहा, आणि एक ओळ: 'कौटुंबिक जबाबदारी (बाळंतपण व संगोपन)'. मधे कुठे दोन महिने काम करून सोडलं असेल तर तेही लिहा. पीएफ कापला गेला असेल तर यूएएन (पीएफ खात्याच्या) नंबरवर ती नोंद दिसतेच. अनुभव नसला तरी शिकताना केलेली वॉर्डांतली पोस्टिंग असतातच: कोणता वॉर्ड, किती आठवडे. मिडवायफरीचं (प्रसूतीच्या कामाचं) केस बुक सोबत न्या, स्वतः केलेल्या डिलिव्हरींची नोंद त्यातच असते. ओळखीच्या नर्सिंग होमकडून खोटं अनुभवपत्र मात्र घेऊ नका. मोठी हॉस्पिटलं फोन करून खात्री करतात.

कागदांत सगळ्यात जास्त दिवस गेले ते नावावर. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि मार्कशीट माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला जोडला की बऱ्याच ठिकाणी भागतं. काही जण राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात, आणि तिला वेळ लागतो. म्हणून अर्ज करण्याआधीच याचा निकाल लावा. गॅपचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र सगळीकडे लागत नाही, मागितलं तरच करा.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं. गॅपमध्ये ती तारीख निघून गेली असेल तर गॅपचं उत्तर कितीही चांगलं असो, फाइल तिथेच थांबते. सर्टिफिकेटवरची तारीख आज काढून बघा.

हाताची सवय आणायला मी घराजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये 6 आठवडे रोज 4 तास बिनपगारी गेले. शेवटी लेटरहेडवर तारखांसह पत्र घेतलं. सोबत बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार) कोर्स केला. ते कार्ड 2 वर्षं चालतं, त्यामुळे मुलाखतींच्या तोंडावर केलेलं बरं. त्यानंतर माझं उत्तर एवढंच होतं:

'मॅडम, जून 2021 ते जानेवारी 2024 मी बाळंतपण आणि बाळासाठी घरी होते. आता बाळ सासूबाईंकडे असतं, नाइट करू शकते. गेले सहा आठवडे वॉर्डात आयव्ही, ड्रेसिंग, कॅथेटर केअर करतेय, हे पत्र. बीएलएस गेल्या महिन्यात झालं.'

एवढं बोलून थांबायचं. पुढे प्रश्न आला तर तेवढंच उत्तर. 'बाळ आजारी पडलं तर?' हा प्रश्न बायकांनाच विचारतात, राग येतो, पण प्रश्न येणारच हे धरूनच जा. माझ्या जागी घरात कोण असेल ते मी सरळ सांगितलं.

मग विषय कामावर येतो आणि खरी परीक्षा तिथे असते. मला विचारलं: 500 मिली सलाईन 4 तासांत, सेट 20 थेंबांचा (1 मिलीला 20 थेंब), मिनिटाला किती थेंब? आधीच्या एका ठिकाणी मी 4 ने भागून बसले होते. तास मिनिटांत आणायचे: 500 गुणिले 20, भागिले 240, म्हणजे साधारण 42. मायक्रो (बारीक थेंबांचा) सेट असेल तर 20 च्या जागी 60. कॅन्युलाचे (शिरेत घालायच्या नळीचे) नंबर आणि रंग तोंडपाठ हवेत: 18 हिरवा, 20 गुलाबी, 22 निळा, 24 पिवळा. सीपीआरचं प्रमाण 30 वेळा छाती दाबायची, मग 2 श्वास, वेग मिनिटाला 100 ते 120. पोटॅशियम क्लोराइड थेट पुश करायचं का, असा फसवा प्रश्नही येतो. कधीच नाही, पातळ करून सावकाशच.

निवड झाल्यावर हेपॅटायटिस बीच्या लशीची नोंद मागतात. तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे पहिला आज घेतला तरी कोर्स पुरा व्हायला सहा महिने. आणि मूळ सर्टिफिकेट दाखवायला न्या, ठेवायला देऊ नका. 'जॉइनिंगपर्यंत राहू द्या' म्हणाले तर झेरॉक्स सही करून द्यायची.