जांबोटीपलीकडच्या शाळेचं श्रमदान: आधी चिरे पोचू द्या, मग तुम्ही जा

"साहित्य शाळेच्या दारात पोचलंय, तुम्ही फक्त या." शिबिराच्या आदल्या आठवड्यात संयोजकांचा हा निरोप आला. त्यावर विसंबून कोल्हापूर आणि बेळगावची मिळून वीस-बावीस पोरं-पोरी निघालो. प्रत्यक्षात चिरे (जांभ्या दगडाचे घडीव ठोकळे), वाळू आणि सिमेंट शाळेपासून दीडेक किलोमीटर अलीकडे, ओढ्याच्या या काठावर ओतून ठेवलं होतं. पुढे गाडीरस्ताच नाही. शाळेच्या डागडुजीसाठी जमवलेली ताकद निम्मीअधिक त्या दीड किलोमीटरात गेली. मेच्या सुट्टीत खानापूर तालुक्यात श्रमदानाला जाणारे गट दरवर्षी असतात, त्यांच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून लिहिते आहे. उन्हात दिवसभर काम करता येतं, चढावर चालता येतं, बरे बूट आणि टोपी आहे, एवढं धरूनच चालते.

आधी पोचण्याबद्दल. बेळगावहून खानापूर 25 किलोमीटर, तिथून जांबोटी साधारण तेवढंच किंवा थोडं कमी. चोर्ल्याच्या रस्त्याने बेळगावहून थेट जांबोटीला उतरलात तर खानापूरचा वळसा वाचतो. एसटीचे दिवस आधी तपासा. सीमेवर काही घडलं की दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडतात. डिसेंबर 2022 मध्ये पडल्या, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा पडल्या. अशा वेळी मिरजेहून रेल्वेने या. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना जून 2023 पासून तिकीट नाही, पण ते कर्नाटकच्या रहिवाशांना. आमच्यातल्या बेळगावच्या मुली आधार दाखवून गेल्या, कोल्हापूरच्या आम्ही तिकीट काढलं. कंडक्टरशी वाद घालू नका, नियम तसाच आहे.

जांबोटीच्या पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका. घरी आणि एकमेकांना जे सांगायचं ते जांबोटीतच सांगून टाका.

आता तो दीड किलोमीटर. सुरुवातीला उतार आहे, तांबड्या मातीचा, वर सुटे खडे. मग ओढा. त्यावर गावकऱ्यांनी घातलेला लाकडी साकव आहे, एका वेळी एक माणूस जाईल एवढा. पलीकडे झाडांच्या मुळांतून जाणारा चढ, आणि मग शाळेचं आवार. मोकळ्या हातांनी हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांचं. हातात चिरा असेल तर किती वेळ लागतो ते माझ्या खांद्याला अजून आठवतं. जांभ्याचा एक चिरा तीसेक किलोचा भरतो. आमच्या कामाला तीनशे लागणार होते. म्हणजे नऊ टन, वर वाळू आणि पन्नास-पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोण्या. हा हिशेब निघण्याआधी कुणीतरी मांडायला हवा होता. संयोजकांपैकी कुणीही ती वाट चालून पाहिलेली नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

रस्ता का नाही, हेही समजून घ्या, नाहीतर गावालाच दोष द्याल. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटरचं. गवळी, पास्टोली, देगाव, आमगाव ही गावं त्या जंगलात आहेत, आणि कडेलाही अशी बरीच वस्ती आहे. जंगलातून साधा रस्ता पक्का करायचा तरी वनखात्याची मंजुरी लागते. गावकरी वर्षानुवर्षं अर्ज करतायत. पावसाळ्यात आजारी माणसाला ते याच वाटेने डोलीत घालून आणतात. तुमच्या ट्रॅक्टरसाठी तो रस्ता एका आठवड्यात होणार नाही.

ट्रॅक्टरवाल्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फोनवर ठरलेला दर एका खेपेचा बाराशे, शाळेपर्यंत. ओढ्याशी आल्यावर त्याने सगळं तिथेच ओतलं आणि "पुढं गाडी जाणार न्हाई, उतरवणावळ धरून अठराशे द्या" म्हणाला. आमच्यातल्या एकाने "मामा, शाळेपर्यंत ठरलं होतं" म्हटलं, तर उत्तर आलं, "मग घेऊन जावा परत." संयोजकांनी अठराशे दिले. वाळू ब्रासच्या हिशेबाने घेतली होती, पण ट्रॉली काठोकाठ भरलेली नव्हती. म्हणून दर खेपेवर ठरवू नका. ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा, किती घनफूट माल येतो ते काढा (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास), आणि माल कुठे टाकायचा ती जागा कागदावर लिहून घ्या. आणखी एक, गावातल्याच कुणाचा ट्रॅक्टर मिळाला तर तोच घ्या. ज्याला उद्या त्याच गावात तोंड दाखवायचंय तो एवढं बोलत नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापला चिरा उचलून शाळेपर्यंत न्यायचा, असं चाललं होतं. दुपारपर्यंत निम्मे बसले. हातमोजे फाटले होते. जांभ्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा आणि खरबरीत असतो, कापडी मोजा तासा-दोन तासांत चाळण होतो. गावातल्या एक मावशी शेण्या लावत हे बघत होत्या. त्या हात धुऊन आल्या, माझ्या हातातला चिरा खाली ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "पोरी, कडंला धरू नको, कड तुटती आन बोटावर येती." मग दाखवलं: बसून उचलायचा, आधी मांडीवर टेकवायचा, मग पोटाशी घ्यायचा, हात खालून. डोक्यावर न्यायचा तर चुंबळ जाड हवी, जुन्या लुगड्याची, टॉवेल चालत नाही. तळहाताला त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधून दिले. बाजारातल्या कुठल्याही मोज्यापेक्षा ते टिकले. खानापूरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मागा, मिळतात.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही साखळी केली. उतारावर दोघांत चार-पाच पावलांचं अंतर, साकवावर मात्र एकच माणूस आणि तोही गावातला. चढाच्या मुळांपाशी सगळ्यात दणकट पोरं. दर अर्ध्या तासाला जागा बदलायच्या, कारण वाकून घेणाऱ्याची कंबर आधी जाते. वाळू घमेल्यात नेऊ नका, सांडते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत अर्धी-अर्धी भरून न्या. सिमेंटची भरलेली गोणी एकट्याने उचलू नका, बांबूला बांधून दोघांनी न्या.

आणि मग वळीव आला. तिसऱ्या प्रहरी आभाळ भरलं, पंधरा मिनिटांत ओढ्याचं पाणी गढूळ झालं. ओढ्याकाठच्या सिमेंटवर ताडपत्री होती, पण खाली फळ्या नव्हत्या. जमिनीवरून वाहत आलेल्या पाण्याने खालच्या थरातल्या गोण्या भिजल्या आणि दुसऱ्या दिवशी दगड झाल्या. सिमेंट नेहमी फळ्यांवर किंवा चिऱ्यांवर रचा, जमिनीपासून वीतभर वर. कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जूनची वाट बघत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: मेमध्ये जाऊ नका. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते. ती लागली की लगेच जा आणि वळवाआधी छप्पर बंद करा. दसऱ्याच्या सुट्टीचा विचार डोक्यातून काढून टाका. तेव्हा ओढे भरलेले असतात, आणि पाठोपाठ भाताची कापणी येते, गावात एकही माणूस मोकळा नसतो.

काम काय घ्यावं, याबद्दल त्याहून स्पष्ट सांगते. नवी खोली बांधायला जाऊ नका. सरकारी शाळेच्या आवारात खोली उभी करायची तर अंदाजपत्रक, मंजुरी, इंजिनिअरची देखरेख हे सगळं लागतं, आणि ते लागायलाच हवं. मुलं त्या भिंतींखाली बसणार आहेत. आठवडाभराच्या पोरांनी उभारलेल्या भिंतीखाली माझ्या घरातलं मूल मी बसवणार नाही. शिवाय या भागातल्या कित्येक मराठी शाळांत खोल्या पुरेशा आहेत, त्या गळतात म्हणून वापरात नाहीत. आम्ही गेलो त्या शाळेतही तसंच होतं. दोन खोल्यांपैकी एकीत पावसाळ्यात बसता येत नाही, म्हणून पाचही इयत्ता एकाच खोलीत.

तेव्हा कौलं परता. वांदरं उड्या मारून मंगलोरी कौलं फोडतात, फुटलेल्या कौलातून पाणी वाशावर उतरतं, वासा कुजतो आणि मग अख्खी पाखी, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, खाली बसते. शंभर चौरस फूट छपराला साधारण दीडशे कौलं लागतात. त्यातली बरीच जुनी धुऊन, घासून परत बसवता येतात, फुटकी तेवढी नवी घ्या. खानापूर हे मातीकामाचं, कौलांचं गाव आहे, कौलं तिथूनच घ्या. वर चढणारा माणूस गावातला गवंडी किंवा सुतारच हवा. तुम्ही खाली उभं राहून कौलं पोचवा. रिपांवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर, पाय कुठे द्यायचा हे ज्याला माहीत नाही, त्याने वर जाऊ नये, कितीही हौस असली तरी.

गवंड्याची मजुरी खर्चात आधी धरा आणि रोजच्या रोज द्या. "सेवा आहे, त्यांनीही फुकट करावं" असं आमच्यातल्या एकाने म्हटलं. त्या माणसाची रोजंदारी बुडते, त्याचं घर त्यावर चालतं. मजुरी दिलीच पाहिजे.

चिऱ्यांचं काम दोन ठिकाणी केलं: मागच्या भिंतीचा ढासळलेला कोपरा आणि जोत्याच्या कडेने पाणी बाहेर काढणारा चर. दोन्ही गवंड्याने सांगितलं तसं. चर सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी. मुलींच्या शौचालयाची तुटलेली पाइप दोघांनी एका दुपारी जोडली. ते शौचालय पाण्याअभावी कुलूपबंद होतं. शिक्षणहक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं लिहिलेली आहेत, पण पाण्यावाचून ती असून नसल्यासारखी. तुमच्या शिबिरात एकच काम होणार असेल तर ते हे असू दे.

भिंती रंगवायच्या असतील तर ऑइलपेंट नको. जांभा ओल धरतो, ऑइलपेंटचे पापुद्रे पहिल्याच पावसाळ्यात सुटतात. चुना लावा. आणि भिंतीवर आपल्या मंडळाच्या नावाची पाटी लावू नका. संयोजकांनी ती छापून आणली होती, शाळेच्या नावाहून मोठी. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ती लावली गेली नाही, बरं झालं.

पैशांबद्दल. आमच्याकडून माणशी साडेतीन हजार सहभाग शुल्क घेतलं. जेवण गावात, झोपणं शाळेच्या व्हरांड्यात, प्रवास आपापला. साहित्याला किती गेले, हे विचारल्यावर हिशेब "नंतर पाठवतो" असं उत्तर मिळालं. तो आलेला नाही. तुम्ही पैसे भरण्याआधी विचारा: साहित्याला किती, गवंड्याला किती, शाळेला किती, पावत्या कोण ठेवणार. उत्तर लेखी नसेल तर जाऊ नका. पाचजण मिळून सरळ शाळेशी बोला, तेवढ्या पैशांत एक पाखी होते.

शाळेशी बोलायचं म्हणजे मुख्याध्यापक आणि एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा समिती. अध्यक्ष पालकच असतात. काय दुरुस्त करायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या खानापूरच्या कार्यालयात अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहा, लवकर पुढे सरकतो. बेळगावकडचा एखादा सोबती असला की ते काम तासाभराचं. एनएसएसमधून (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून) जात असाल तर वर्षाचे 120 तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर यांची नोंद कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवा. शाळेच्या बाईंना प्रमाणपत्रांच्या सह्यांसाठी बसवून ठेवू नका.

शाळा चालू असताना गेलात तर मुलांच्या बिसी ऊटमधलं, म्हणजे शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणातलं, जेवू नका. ते हजेरीवर मोजून येतं. गावात पैसे देऊन जेवण लावा. नाचणीची भाकरी आणि आमटी मिळते, आम्हाला भरपूर मिळाली. अंधार पडल्यावर ओढ्याच्या वाटेने जाऊ नका, अस्वलं आहेत.

मधे एक दिवस कणकुंबीला गेलो, माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम पाहिला. जरूर जा.

शेवटच्या दिवशी पाखी बंद झाली आणि संध्याकाळी वळीव आला. आम्ही सगळे आत जाऊन तिच्याखाली उभे राहिलो. एक थेंब आला नाही. दुसरीतला एक पोरगा त्या पाखीखालच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन वर बघून आला आणि ओरडला, "बाई, कुठंच न्हाई!" त्या क्षणी मला सगळा दीड किलोमीटर परत वाहायला सांगितला असता तरी मी तयार होते. पण तुमच्यावर ती वेळ यायचं कारण नाही.

त्याच खोलीची पश्चिमेकडची पाखी बाकी आहे. गवंड्याच्या अंदाजाने तीनशेच्या आसपास कौलं आणि चार वासे लागतील, चिरे लागणार नाहीत. जायचं असेल तर मार्चमध्येच दोघांनी जाऊन वाट चालून या, मुख्याध्यापकांना भेटा, आणि कौलं गावातल्या ट्रॅक्टरने ओढ्यापर्यंत आणून गावकऱ्यांच्या मदतीने आधीच पलीकडे नेऊन ठेवा. मोजताना शंभरात पाच-सहा फुटतील असं धरून जास्तीची घ्या.