'गेट'चा पसारा

परवा ऑफिसात एका सहकाऱ्याने शेरा मारला, "तुझं इंग्रजी फार पुस्तकी आहे." मी ईमेलमध्ये 'रिसीव्ह्ड' लिहिलं होतं, त्याच्या मते 'गॉट' पुरे होतं. मला ते लागलं.

इथे इंग्लंडमध्ये दिवसभर 'गेट' कानावर पडतं. बसमध्ये चढणं म्हणजे 'गेट ऑन', कुणाशी पटणंही 'गेट ऑन', आणि वय झालं की 'गेटिंग ऑन'. दाराची बेल वाजली की 'आय विल गेट इट', कॉफीचं बिल आलं तरी 'आय विल गेट धिस'. लग्न होतं ते 'गेट मॅरिड', नोकरी जाते ते 'गेट सॅक्ड'. दुःखातून सावरायचं तर 'गेट ओव्हर'. एवढ्याशा शब्दाने एवढा संसार पेलावा, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण पुस्तकी कशाला म्हणायचं? 'गेट' आलं व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' आले फ्रेंचमधून, 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर. दोन्ही बाहेरूनच आलेले. शिवाय यांचे घरभाड्याचे करार आणि सरकारी पत्रं वाचा, तिथे 'रिसीव्ह'च भेटतं. आम्ही शाळेत शिकलो ते त्यांचंच इंग्रजी. 'गॉट'ऐवजी अमेरिकेतलं 'गॉटन' ऐकून इथले काही जण नाक मुरडतात, पण ते रूप जुनं इंग्रजीच आहे. यांच्या रोजच्या 'फर्गॉटन'मध्ये ते अजून शाबूत आहे.

आणि आपलं 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झोप लागते, वेड लागतं, गाडी फलाटाला लागते आणि ती घाटात असली तर आपल्यालाही लागते. बोलणं लागतं ते वेगळंच. 'गेट'ला मागे 'ऑन', 'ओव्हर' असे टेकू बऱ्याचदा लागतात. 'लागणे' एकटं उभं राहतं. मला तरी ते सरस वाटतं.

इकडे येणाऱ्यांना एवढंच सांगेन: बसमधून उतरणं 'गेट ऑफ', पण कारमधून उतरणं 'गेट आउट'. टॅक्सीवाल्याने "इथे गेट आउट करणार का?" असं विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका. तो उतरण्याबद्दलच विचारतोय.