बॅलीमनीचा जोई

उत्तर आयर्लंड बघायला येणारा माणूस जायंट्स कॉजवेचे षटकोनी दगड बघतो, डार्क हेजेसच्या झाडांखाली फोटो काढतो आणि परत फिरतो. त्याच भागात बॅलीमनी नावाचं गाव आहे, तिथे सहसा कुणी थांबत नाही. वस्ती दहा हजारांच्या आसपास. एक मुख्य रस्ता, दोन-चार पब, शेतीच्या अवजारांची दुकानं. पण मोटरसायकलचं वेड असलेली माणसं बोटींवर गाड्या चढवून स्कॉटलंडहून, इंग्लंडहून, पार युरोपातूनही मुद्दाम इथे येतात, ती कासल स्ट्रीटवरच्या एका छोट्या बागेसाठी. तिथे मोटरसायकल शर्यतींचा विजेता जोई डनलॉप याचा ब्राँझचा पुतळा आहे.

मला तिथे नेलं ते ऑफिसातल्या मैत्रिणीच्या वडिलांनी. पंचाहत्तरीच्या माणसाला इथे शेजारची पोरंही नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ अजून वळत नाही, त्यामुळे मी नावच घ्यायचं टाळतो. इथे आपलं 'काका' म्हणू. काकांनी उभं आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, तरी बागेत जाताना लेदरचं जाकीट घातलंच. कोपरांवर घासून ते पांढरं पडलंय.

बागेत मला वाटलं होतं तसं गंभीर काही नव्हतं. एक बायकर पुतळ्याकडे पाठ करून सँडविच खात होता. त्याची बायको पाटीवरचा मजकूर मोठ्याने वाचत होती आणि एका सालावरून दोघांची जुंपली होती. काका मध्ये पडले, निकाल दिला, आणि मग तासभर आम्ही तिथेच. चेनला कुठलं तेल लावावं इथपासून सुरू झालेली गाडी जोईवर आली.

जोई जन्मला १९५२ मध्ये, याच गावाजवळ. आइल ऑफ मॅन या बेटावरची टीटी शर्यत त्याने पहिल्यांदा जिंकली १९७७ मध्ये, आणि शेवटच्या तीन जिंकल्या २००० मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी. एकूण २६. ही शर्यत बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. रोजचे, गावातले, डोंगरावरचे रस्ते बंद करून जवळपास ६० किलोमीटरची एक फेरी आखलेली असते. कडेला दगडी कुंपणं, विजेचे खांब, घरांचे उंबरे. दर दहा सेकंदांनी एकेक जण सुटतो आणि लढतो तो घड्याळाशी. १९११ पासून त्या डोंगरवाटेवर अडीचशेहून जास्त स्वार मेलेत. हा आकडा तिथे कुणी लपवत नाही, आणि मला तो अजून पचलेला नाही.

एवढा मोठा विजेता, पण राहणी अगदी गावच्या माणसाची. बॅलीमनीत त्याचा पब होता. पिवळं हेल्मेट, आवडता नंबर तीन. गाडीला स्वतः हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. १९८५ मध्ये तो मासेमारीच्या बोटीतून टीटीला निघाला होता. बोट स्ट्रँगफर्ड लॉक या खाडीच्या तोंडाशी बुडाली. माणसं वाचली, गाड्या डायव्हर लोकांनी वर काढल्या. त्या वर्षी टीटीच्या तीन शर्यती त्याने जिंकल्या. काका हा किस्सा सांगताना बोट स्वतः बुडवल्यासारखे खूश होते.

२००० सालची टीटी संपली तेव्हा खरं तर त्याने घरी बसायचं. तो स्वतः व्हॅन चालवत एस्टोनियाला गेला, टॅलिनजवळच्या एका शर्यतीसाठी, जिथे फारसे कॅमेरे नव्हते. असल्या लहान शर्यती त्याला आवडायच्या. २ जुलै, रविवार. मोठ्या गाडीची शर्यत जिंकला, ६०० सीसीची जिंकला. मग १२५ सीसीची, पावसात. त्यात पुढे असताना ओल्या रस्त्यावरून गाडी घसरली आणि तो झाडांवर आदळला. जागीच गेला. आरएक्स हंड्रेडच्या धुराचा वास ज्यांच्या नाकात अजून बसलाय त्यांना १२५ सीसीच्या टू-स्ट्रोकची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

पुढच्या शुक्रवारी गॅरीडफच्या चर्चमध्ये त्याला निरोप दिला. माणसं आली पन्नास हजार. दहा हजारांच्या गावात. काका म्हणाले, 'आदल्या रात्रीपासून गाड्यांचा आवाज थांबला नाही. आमच्या अंगणात सतरा अनोळखी पोरं झोपली होती. बायको सकाळी उठून सगळ्यांना चहा देत सुटली.' बोटी भरभरून बायकर आले. वारीच्या आधी आळंदीला गर्दी दाटते ना, तसं काहीसं डोळ्यांसमोर आलं माझ्या. आणि ही गोष्ट जुलैमधली, हे लक्षात घ्या. या प्रदेशात जुलै म्हणजे मोर्चांचा, ढोलांचा, कॅथलिक-प्रोटेस्टंट तेढ हमखास वर येण्याचा महिना. कुठल्या गल्लीत कुठला झेंडा, यावर इथे माणसाची जात ठरते. त्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकाच रस्त्यावर उभी होती. जोई स्वतः प्रोटेस्टंट, पण शर्यतीत कधी कुणाला त्याने धर्म विचारला नाही, असं काका म्हणतात.

मला वाटत होतं, काका आता २६ विजयांची उजळणी करतील. ते व्हॅनबद्दलच बोलत राहिले. रुमानियातल्या अनाथाश्रमांची हलाखी कळल्यावर जोई स्वतःच्या व्हॅनमध्ये कपडे, खाणं, औषधं भरून युरोप ओलांडत तिकडे जायचा. पुढे बोस्निया, अल्बानियाही. सोबत ना पत्रकार, ना फोटोग्राफर. १९८६ मध्ये राणीने शर्यतींसाठी एमबीई हा किताब दिला, १९९६ मध्ये या मदतीसाठी ओबीई हा. काकांच्या घरून लोकरीचे मोजे गेले होते त्या व्हॅनमध्ये. 'विणलेले वाकडेतिकडे होते, पण गेले,' म्हणाले.

आपल्याकडे गावातला एखादा तरुण बाईकवर गेला की चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो आणि मित्र रॅली काढतात. सायलेन्सर काढलेला, एका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट एकाच्याही नाही. ज्या कारणाने पोरगा गेला त्याच कारणाची मिरवणूक. इथल्या बायकरांच्या स्मरणयात्रेत मला हेल्मेटशिवाय एकही माणूस दिसला नाही. अर्थात कायदा कडक आहे, दंड होतो, हेही खरं. पण माणसं एकमेकांना टोकतातही.

जोईच्या नावाने आइल ऑफ मॅनवर एक फाउंडेशन उभं राहिलं. शर्यतीच्या मार्गालगत ब्रॅडन ब्रिजजवळ त्यांचं एक घर आहे, अपंग पाहुण्यांना सुट्टीसाठी राहता यावं म्हणून बांधलेलं. त्याच बेटावर स्नेफेल डोंगराजवळ, बंगलो नावाच्या जागी, होंडावर बसलेला जोईचा दुसरा पुतळा आहे, आणि मार्गावरच्या २६व्या मैलाला आता त्याचंच नाव आहे.

मात्र हे सगळं ऐकताना माझ्या मनातली अढी जात नव्हती. कारण गोष्ट जोईवर थांबत नाही. त्याच्या आधी १९७९ मध्ये फ्रँक केनेडी आणि १९८० मध्ये मर्विन रॉबिन्सन, दोघे त्याच्या आर्मॉय गावच्या स्वारांच्या टोळीतले, नॉर्थ वेस्ट टू हंड्रेड या इथल्याच शर्यतीने नेले. मर्विन तर त्याचा मेहुणा. १५ मे २००८ ला त्याच शर्यतीच्या सरावात जोईचा धाकटा भाऊ रॉबर्ट गेला. दोन दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकल त्याच रस्त्यावर २५० सीसीच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. दुसऱ्या दिवशी बापाला माती दिली. २०१८ मध्ये मायकलचा भाऊ विल्यम डब्लिनजवळच्या स्केरीज इथे असाच गेला.

मी काकांना सरळ विचारलं, 'तुमच्या मुलाने केलं असतं तर?'

'हाणलं असतं,' ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'आणि बघायला गेलो असतो.'

हे उत्तर मला पटलं असं नाही. पण बाप मेल्यावर दोन दिवसांत गाडीवर बसणाऱ्या पोराला मी तोवर निर्दय समजत होतो, ते आता समजत नाही. त्या घरात सुतक पाळायची दुसरी रीत कुणी त्याला दाखवलीच नव्हती. दहाव्याला कावळा शिवायची वाट बघणाऱ्या आपण त्याला नावं ठेवू नयेत, एवढंच माझं मत झालंय. शर्यतीविषयीचं मत तेच आहे. रस्ते बंद करून दगडी कुंपणांमधून ताशी तीनशेने पळवायची गोष्ट नाही ही.

४ जून २०२४ ला मायकलने चुलत्याचा, म्हणजे जोईचा, २६चा विक्रम मोडला. चोवीस वर्षं टिकलेला. त्याच आठवड्यात आणखी दोन जिंकल्या, २०२५ मध्ये चार. आकडा ३३ वर गेला. तो २७वा विजय काका टीव्हीवर बघत होते. मैत्रीण सांगते, ते आधी टाळ्या वाजवत उठले, मग टीव्हीलाच म्हणाले, 'झालं ना आता? घरी बस.' मायकल काही बसलेला नाही, आणि काकाही नाहीत. पुढच्या टीटीसाठी त्यांना आइल ऑफ मॅनवरच्या डग्लसला जायचंय, गुडघा असो नसो. मैत्रिणीने त्यांचं बोटीचं तिकीट आत्ताच काढून ठेवलंय. उशीर केला तर जूनमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. सोबत कुणीतरी हवं म्हणून माझं नाव सुचवण्यात आलंय, आणि काकांनी त्यांचं जुनं रेनकोट मला घालून बघायलाही लावलंय.