लंबूचा ग्लोव्ह निर्दोष, माझा तक्ता दोषी

मंडळी, मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आइस हॉकीतल्या आपल्या लंबूचा, म्हणजे कॅनडातल्या ओंटारियोत खेळणाऱ्या त्या उंच पोरगेल्या गोलीचा (गोलरक्षकाचा), ग्लोव्ह (पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, झेलायचा हातमोजा) गोलाच्या वरच्या कोपऱ्यात उशिरा पोचतो, आणि एवढ्या कारणासाठी जूनच्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल या व्यावसायिक लीगचे संघ फेरीफेरीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) चौथ्या फेरीआधी त्याला कुणी हात लावू नये. ते सगळं मागं घेतो. नऊ मॅचची पहाटेची जागरणं, आणि निष्कर्ष उलटा निघाला.

झालं असं. रविवारी भाचा सांगलीत, विश्रामबागेत आमच्याकडं आला होता. सातवीत आहे, शाळेच्या टीममध्ये विकेटकीपिंग करतो, त्यामुळं गोलीबद्दल त्याला जरा जास्त माया. भडंगाची वाटी मांडीवर घेऊन तो बघत होता आणि मी कौतुकानं लंबूवर झालेल्या गोलांच्या माझ्या तक्त्यातली ओळ वाचून दाखवली: दुसरा पिरियड (मॅचच्या तीन भागांतला दुसरा), गोल, वर, ग्लोव्ह. तो म्हणाला, "मामा, हा तर फळीवरून गेलाय की." फळी म्हणजे ब्लॉकर, गोलीच्या दुसऱ्या हातातलं पक अडवायचं सपाट पॅड; हे त्याचंच नामकरण. जाळीमागच्या कॅमेऱ्याचा रिप्ले तीनदा बघितला. पोरगं बरोबर होतं.

आता चूक कुठं होती ते ऐका. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेल्यापासून ओंटारियोतली संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडं पहाटे साडेपाचला लागते. त्या वेळी ग्लोव्ह की ब्लॉकर हे ठरवत बसायला डोकं चालत नाही, म्हणून मी नुसतं 'अलीकडं' किंवा 'पलीकडं' एवढंच टिपायचो. अलीकडं म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला. नंतर तक्त्यातलं सूत्र त्याचं भाषांतर करायचं: पलीकडं असेल तर ग्लोव्ह. लंबू पडद्याच्या डाव्या टोकाला असताना हे बरोबर आहे, कारण त्याचं तोंड उजवीकडं असतं आणि डाव्या हातातला ग्लोव्ह पलीकडं जातो. पण दर पिरियडनंतर बाजू बदलतात! उजव्या टोकाला तोच ग्लोव्ह अलीकडं येतो. सूत्राला हे कुणी सांगायचं? मीच सांगायला हवं होतं.

वरच्या कोपऱ्यांत गेलेले गोल एकूण १५. जुन्या तक्त्यात ग्लोव्हकडं १२, ब्लॉकरकडं ३. सूत्र दुरुस्त केल्यावर ७ आणि ८. म्हणजे ग्लोव्हची भानगड संपली. मी चहा टाकला आणि पाच मिनिटं खूश होतो.

चहा गार व्हायच्या आत दुसरी शंका आली. टोक कुठलंही असो, १५ पैकी १२ नोंदी 'पलीकडं' अशा कशा? लंबूला कॅमेऱ्याशी काय देणंघेणं? बराच वेळ डोकं खाजवलं, मग गच्चीवर गेल्यावर उलगडलं. खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. वरून बघताना उंच उडालेला चेंडू समोरच्या कंपाउंडकडं गेल्यासारखा वाटतो, आणि पडतो मात्र रस्त्याच्या मधोमध. मॅचचा मुख्य कॅमेराही तसाच उंचावर, बाजूला. त्याच्या चित्रात पक वर उठला काय आणि पलीकडं सरकला काय, पडद्यावर दोन्ही वरच जातं. म्हणून वरचा गोल दिसला की माझा हात आपोआप 'पलीकडं' लिहीत होता. तेव्हा ते ७ आणि ८ पण भरवशाचे नाहीत.

मग एकेक गोल परत काढला. जाळीमागचा रिप्ले फक्त नऊ गोलांचा मिळाला: ग्लोव्ह ४, ब्लॉकर ५. एवढ्यावर कुणाच्या हाताला नावं ठेवणं म्हणजे अन्याय. (ज्या सेवेचे पैसे भरून मी मॅच बघतो, तिचं चित्र गोलाच्या वेळीच गोठतं. पुढच्या वर्षी पैसे भरायचे की नाही याचा विचार चालू आहे. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर मात्र फुकट, आणि 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढं जातं. तेवढ्यावर माझं सगळं दुकान चालतं.)

या शोधाशोधीत एक चांगलं घडलं. नऊही रिप्ले फ्रेम-फ्रेमनं बघताना प्रथमच माझी नजर हातांवरून खाली आली. लहानपणी आजोबांबरोबर कुस्तीच्या मैदानाला जायचो तेव्हा ते पैलवानाच्या पायांकडं बघत बसायचे. मी मात्र नऊ मॅच हातांकडं बघत बसलो. १५ पैकी ११ गोल रॉयल रोड (गोलासमोरून मैदानाच्या मधोमध जाणारी काल्पनिक रेषा) ओलांडून आलेल्या आडव्या पासनंतरचे आहेत, आणि त्यातल्या १० वेळा शॉट सुटताना लंबूचे पाय अजून सरकत होते. सेट, म्हणजे जागेवर स्थिर, झालेलाच नव्हता. ग्लोव्ह उशिरा पोचतो असं मला वाटलं, कारण अख्खा माणूसच उशिरा पोचत होता.

त्यात गंमत अशी की तो क्रीजमध्ये (गोलासमोरच्या आखलेल्या जागेत) खोल, गोलरेषेजवळ उभा राहतो, त्याला अंतर कमीच कापायचं असतं. खोल उभं राहण्याची किंमत काय ते गच्चीवर खडू आणि दोरीनं मोजलं. गोल सहा फूट रुंद. शॉट समोरून तीस फुटांवरून असेल आणि गोली रेषेपासून चार फूट पुढं असेल, तर त्याला झाकायची रुंदी होते ५.२ फूट. एकच फूट पुढं असेल तर ५.८. म्हणजे जवळपास सात इंच जास्त. उंच पोराला हे सात इंच परवडतात, आणि बदल्यात आडवं जाताना रस्ता जवळचा होतो. मग इतका जवळचा रस्ता असूनही उशीर का? फ्रेममध्ये दिसतं: टी-पुश (एका पायानं जोर देऊन आडवं सरकणं) सुटतो तेव्हा त्याचा मास्क अजून पास देणाऱ्याकडंच वळलेला असतो. पाय निघाले, डोकं मागंच राहिलं. मग पोचल्यावर पक शोधायचा आणि पुन्हा एक शफल (छोटं आडवं पाऊल) मारून अंग पकच्या बरोबर समोर आणायचं. हे शिकवता येण्यासारखं आहे, सतरा वर्षांच्या पोराला तर नक्कीच.

इथपर्यंत लिहिलं आणि माझ्याच लक्षात आलं की मी फक्त गोल नोंदवलेत. अशाच आडव्या पासवर त्याने अडवलेले शॉट किती, हे तक्त्यात नाहीच! सरकत्या पायांनी त्याने तीस अडवले असतील तर माझे दहा गोल कशाला पुरावा? म्हणजे सगळे शॉट परत बघणं आलं. आधी बेत होता की या महिन्यात स्वीडनच्या एका दुसऱ्या गोलीच्या नोंदी सुरू करायच्या. तो बेत रद्द.

सगळ्या मॅच बघणं जमणार नाही, तेव्हा दुसऱ्या पिरियडपासून सुरुवात. त्या पिरियडमध्ये आपल्या झोनपासून (आपल्या गोलाकडच्या भागापासून) बदली खेळाडूंचा बेंच लांब पडतो, दमलेले डिफेन्समन बदलता येत नाहीत, आणि आडवे पास जास्त सुटतात. मला हवा तो माल तिथंच.

आणि हो, हे टाइप करतानाच सुचलं: समोरच्या गोलीलाही त्याच तक्त्यात घ्यायचं. तोच रिंक (बर्फाचं मैदान), तोच कॅमेरा, तीच माझी झोपाळू नजर. कॅमेऱ्याची लबाडी दोघांनाही सारखीच लागेल, मग लंबूचं वेगळेपण उरलं तर ते त्याचं स्वतःचं.

फेरीबद्दल आता तोंड उघडत नाही. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर गोली होता, डीपिएट्रो, आणि त्याच ड्राफ्टमध्ये पुढं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गाजलेला गोली लुंडक्विस्ट २०५व्या नंबरावर गेला. तसेच नावाजलेले गोली हेलेबक २०१२ मध्ये १३०वा, शेस्टर्किन २०१४ मध्ये ११८वा. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांची ही गत, तर सांगलीत बसून, जिथं बर्फ म्हणजे गोळ्याचा बर्फ, मी चौथी फेरी ठरवणारा कोण? तक्त्यातला तो रकाना पुसलाय. मोकळाच ठेवणार.

सध्या दोन मॅचचे दुसरे पिरियड झाले. आडव्या पासवरचे शॉट १३, त्यातले पाय सरकताना आलेले ८, गोल ३. समोरच्या दोन्ही गोलींचे आकडे अजून भरायचेत. नोंदी आता भाचा आणि मी वेगवेगळ्या करतो, मग ताडून बघतो. चार ठिकाणी जुळलं नाही, त्यातल्या तीन ठिकाणी तो बरोबर निघाला.

पुढची मॅच शनिवारी पहाटे साडेपाचला. तोवर सात पिरियड बाकी आहेत.