आमच्या परसातला मांगर

कुडाळजवळच्या आमच्या घरात 7 वर्षांपूर्वी दोन खोल्यांची निवास-न्याहारी सुरू केली. तारकर्लीला जाणारे पाहुणे एक-दोन रात्री राहून पुढे जायचे. त्यातच एक चित्रकार मुलगी दोन दिवसांसाठी आली ती अकरा दिवस राहिली. सकाळी पिंगुळीला ठाकर मंडळींकडे चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या, पोथ्या बघायला जायची, दुपारी आमच्या ओटीवर कागद पसरून बसायची. पाहुण्यांच्या ये-जा करण्यात तिचे कागद पायाखाली येत, मला फार वाईट वाटे. निघताना म्हणाली, "काका, मागे नुसतं छप्पर टाका, मी महिनाभर येते."

पक्क्या खोलीला पैसे नव्हते, आणि त्यासाठी परसातले फणस तोडायची माझी तयारी नव्हती. पण तुळशीच्या लग्नाआधी खळ्यात माटव (मांडव) घालायचा नि मिरगाच्या पावसाआधी उतरवायचा, हे आम्ही लहानपणापासून करत आलोय. तसाच मांगर, म्हणजे परसातलं खोपटं, उभा केला. जांभ्याचा चौथरा, माणग्याचे (आमच्याकडच्या बांबूचे) वासे, कुडाच्या भिंती, वर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं. 10 बाय 14 फूट. खिडकी उत्तरेला ठेवली, म्हणजे ऊन थेट कागदावर येत नाही.

पहिल्या वर्षी घाईत कोवळा माणगा तोडला आणि तसाच वापरला. जानेवारीत एका सकाळी तिच्या ओल्या चित्रावर पिवळसर पीठ सांडलेलं दिसलं. आईने वर बघितलं नि म्हणाली, "वासो किडलो रे!" बांबूतल्या पिष्टावर भुंगा लागतो. तीन आठवड्यांचं काम गेलं. त्या महिन्याचे पैसे मी घेतले नाहीत. आता तीन वर्षांच्या वरचीच काठी तोडतो आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून मगच वापरतो. गेली चार वर्षं तेच वासे चालू आहेत.

मांगर फायद्याचा नाही. पाहुण्यांच्या खोल्यांवर जे सुटतं, त्यातून हंगामाला दोन कलाकारांचं राहणं-जेवण आम्ही करतो. त्यांनी एक संध्याकाळ वाडीतल्या पोरांना द्यायची, एवढंच मागणं.

दरवर्षी उतरवावा लागतो म्हणून तो दरवर्षी येणाऱ्याच्या मापाने बांधता येतो. मातीकाम करणाऱ्याला भट्टीसाठी एक बाजू उघडी हवी होती, ठेवली. औंदा कळसूत्री बाहुल्या शिकणारं जोडपं येतंय. बाहुल्यांच्या दोऱ्यांना उंची लागते, त्यामुळे आढं दीड फूट वर घ्यायचं ठरलंय. जास्तीच्या काठ्या टाकीत भिजत पडल्यात.